करकोच्याची तलवार

नवऱ्याची तलवार कोनाड्यात ठेवताना ओताकी थबकली. मुठीवर करकोचा कोरलेला होता. “अहो, ही तर माझ्या बाबांची.”

गेन्शिरोला चहाचा ठसका लागला. काल संध्याकाळी तो योशिवाराच्या सरकारमान्य वेश्यावस्तीत गेला होता. तिथे सामुराईला तलवार दाराशी सोपवावी लागते, आणि कुणी ओळखू नये म्हणून सगळे वेताच्या टोप्या नाकापर्यंत ओढून वावरतात. परतताना घाईघाईत त्याने शेजारच्या टोपीवाल्याची तलवार उचलली असणार. आणि तो टोपीवाला म्हणजे सासरे.

“देवळात बदलली वाटतं,” तो म्हणाला. “प्रवचनाला फार गर्दी होती.”

“बाबाही होते?”

“होते ना. पहिल्या रांगेत.”

इतक्यात सासरेच दारात आले, काखेत जावयाची तलवार घेऊन. “जावईबापू, काल नदीवर मासे धरताना तलवारींची अदलाबदल झाली बघा.”

गेन्शिरोने डोळे मिटून घेतले.

ओताकीने दोन्ही तलवारी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तलवारीशिवाय सामुराई उंबरठ्याबाहेर पडणार कसा?

“आईला निरोप धाडते,” ती शांतपणे म्हणाली. “ती येईपर्यंत देऊळ की नदी, ते दोघांनी ठरवून ठेवा.”