हिरव्या नळीचा वर्ग

"आ कर. अजून मोठा. वाघोबासारखा."

वाघोबाने आ केला. दातांच्या डॉक्टरांनी छोटा आरसा आत फिरवला आणि ते म्हणाले, "शून्य. पुढचा."

बालवाडीच्या बाईंनी वहीत शून्य लिहिलं. हा हिरवा वर्ग. याला वर्षभर कंपनीची नवी वनौषधी पेस्ट, हिरव्या नळीतली. शेजारच्या पिवळ्या वर्गाला नेहमीची, फ्लोराइडवाली. दोन्हीकडच्या किडलेल्या दाढा मोजून आज ठरायचं होतं, शहरातल्या सगळ्या बालवाड्यांना पुढे कोणती द्यायची. कंपनीचे साहेब इवल्याशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले होते आणि दर शून्याला मान डोलावत होते, जणू दाढा त्यांच्याच.

"बाई, आमची लवंग जरा झोंबते," साहेब म्हणाले. "पोरं कुरकुरली असतील ना?"

"एकानेही तक्रार केली नाही."

"वा! आणि वाया किती गेली? या वयात नळी हातात दिली की निम्मी भिंतीला जाते."

"हातात देतच नाही. मुलं यायच्या आधी मीच ब्रश ओळीने मांडते, प्रत्येकावर वाटाण्याएवढी पेस्ट लावून."

"दोन्ही वर्गांचे?"

"दोन्ही."

"मला मेलीला हात लावू देतील तर शपथ!" पोरांची तोंडं पुसता पुसता मदतनीस मावशी म्हणाल्या.

मोजणी संपली. वर्षभरात हिरव्या वर्गात नव्या किडलेल्या दाढा दोन. पिवळ्यातही दोन. डॉक्टरांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. दोनच.

"हरलो बुवा," ते साहेबांना म्हणाले. "सुरुवातीला मीच बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, यात फ्लोराइड नाही, पोरं दाढा गमावून बसतील. काय हो बाई?"

"सांगितलं होतंत."

"आता विसरा ते. दोन्ही सारख्याच. मी सही करतो."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. पोरं खिदळली. साहेबांनी ती मागून सोडवली आणि जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून सगळ्या बालवाड्यांत फक्त आमचीच पेस्ट. चाळीस हजार मुलं! आणि श्रेय कुणाचं? बाईंचं!"

टाळ्या झाल्या. बाईंनी तोंड मिटलं. भूल दिलेल्या ओठासारखा त्यांचा चेहरा झाला होता. होता जागेवरच, पण कुणाचाच नसल्यासारखा.

"भारावल्यात हो," मावशी म्हणाल्या.

सगळे चहाला गेले. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. वर्षभराच्या हिरव्या नळ्या खोक्यांत तशाच पडून होत्या. एकीचंही सील फुटलेलं नव्हतं.