घरचं टॉनिक

डास मारायचा नवा दिवा लावला आणि सुनयनाबाईंच्या हातातला ग्लास निळा झाला. नुसता निळा नाही, आतून पेटल्यासारखा.

"अगंबाई!" त्या ओरडल्याच. "अभि, हे बघ काय झालं!"

गॅलरीतल्या टेबलावर बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये त्यांचा मुलगा अभिराम हसत होता. दिवा त्यानेच पुण्याहून पाठवला होता. नेरूळची खाडीकडची गॅलरी दिवस मावळला की डासांचीच, आणि त्याच्या बाबांना बसायला नेमकी तीच लागायची.

"क्विनीन असतं ना त्यात, आई. तू साल उकळतेस त्यातलं. अशा अतिनील दिव्यात ते चमकतं."

"म्हणजे माझं टॉनिक अस्सल म्हणायचं!"

"एकदम हॉलमार्क!"

सुनयनाबाई खुलल्या. वर्षभर त्यांनी हा उद्योग जीव लावून केला होता. त्यांचे यजमान दिनानाथराव इस्पितळातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आता दारूचा एक घोटही नको, यकृताला तेवढाही सोसणार नाही. ही युक्ती अभिरामचीच. "बाबांना संध्याकाळी हातात ग्लास लागतो, आई. कडू, फसफसणारं काहीतरी दे." मग काष्ठौषधीच्या दुकानातून सिंकोनाची साल आली. लिंबाची साल आणि गवती चहा घालून ती मंद आचेवर उकळायची, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची, साखर आणि लिंबूफूल घालून पाक करायचा. पाणी आधी गारेगार करून सोड्याच्या यंत्राने त्यात गॅस भरायचा आणि पाक शेवटी, ग्लासाच्या कडेने हळूच सोडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पाक आधी घातला, तर फेस उसळून सगळं स्वयंपाकघर चिकट. बाजारचं टॉनिक पाण्यासारखं पांढरं असतं, त्यांचं पातळ चहाच्या रंगाचं व्हायचं. "राहू दे तसंच," दिनानाथराव म्हणाले होते. "जरा काहीतरी प्यायल्यासारखं वाटतं."

गेल्याच आठवड्यात त्यांनी नणंदेला फोनवर ठसक्यात सांगितलं होतं, "सुटली हो यांची. माझ्या हातच्या टॉनिकने सुटली."

"आता हा बघ बाबांचा," म्हणत सुनयनाबाईंनी नवऱ्याच्या पुढ्यातला ग्लास उचलून दिव्याखाली धरला.

तो तपकिरीच राहिला.

त्यांनी तो जरा फिरवला. दिव्याच्या अगदी जवळ नेला. मग आपला ग्लास त्याच्या शेजारी धरला. एक निळा, एक विझलेला.

"अँगल चुकतोय, आई," अभिराम घाईघाईने म्हणाला. "बर्फ जास्त झाला की नाही चमकत ते."

बर्फ दोन्हींत नव्हता.

दिनानाथराव खाडीकडे बघत होते. तोंडात लवंग होती. टॉनिकने तोंड कडू होतं म्हणून रोज संध्याकाळी ते लवंग चघळत, आणि सुनयनाबाई आठवणीने त्यांची डबी भरून ठेवत. सुनयनाबाईंनी नवऱ्याचा ग्लास नाकाशी नेला. तो इस्पितळातून आल्यापासून त्यांनी त्याच्या कुठल्याच गोष्टीचा वास घेतला नव्हता. ठरवूनच घेतला नव्हता.

ग्लास त्यांनी खाली ठेवला.

"कधीपासून?"

"अगं, थोडीशीच घेतो," दिनानाथराव म्हणाले. "तुला उगाच टेन्शन नको म्हणून..."

"तुम्हाला नाही विचारलं." त्या फोनकडे बघत होत्या. "अभि, कधीपासून?"

पडद्यावरची मान खाली गेली.

"दिवाळीपासून. आई, ऐक ना. ते खाली जाऊन कुठेही, काहीही पीत होते. म्हटलं, त्यापेक्षा घरात, मोजकी तरी..."

"आणतं कोण?"

विचारताविचारताच त्यांना उमगलं. महिन्याकाठी अभिराम गाडीने यायचा, तेव्हा यंत्राचा भरलेला गॅस सिलिंडर घेऊन यायचा. खोकं दारात सुनयनाबाईच हातात घ्यायच्या. "केवढं जड रे हे," म्हणायच्या आणि यंत्राचं सामान म्हणून नवऱ्याच्या कपाटात नेऊन ठेवायच्या. रोज संध्याकाळी यांचा ग्लास भरून गॅलरीत ठेवला की त्या देवापाशी दिवा लावायला आत जायच्या. तेवढा वेळ पुरत असणार.

"आणि मी भरून देते ते?"

दिनानाथरावांनी कोपऱ्यातल्या मोरीकडे पाहिलं, पुन्हा खाडीकडे पाहिलं.

"कडू लागतं गं," ते म्हणाले. "खरंच फार कडू लागतं."

सुनयनाबाई उठल्या. फोन उचलून त्यांनी नवऱ्यासमोर ठेवला, पडला तर फुटेल म्हणून नीट टेकवून ठेवला.

"आई, तू चिडू नकोस ना. बस ना जरा."

"तुमचं दोघांचं चाललं होतं ना? चालू द्या."

त्या आत गेल्या आणि गॅलरीचं काचेचं दार त्यांनी ओढून घेतलं. आवाज बंद झाला. काचेपलीकडे बाप आणि मुलगा समोरासमोर होते. मग दिनानाथरावांचा हात सवयीने पुढे आला, तोच तपकिरी ग्लास उचलून ओठांपर्यंत गेला.

अभिराम बघत होता. त्याने त्यांना थांबवलं नाही.