सव्वा की दीड

सापगाव अजून दोन कोस होतं, तिथंच दुधाच्या सायकलची मागची ट्यूब फाटली.

लडकूनं सायकल उलटी केली. त्याची बायको रंभा सहा वर्षांच्या बाळीला मांडीवर घेऊन करंजाच्या सावलीत टेकली. पोरीचं अंग तव्यासारखं भाजत होतं. सापगावच्या पुढं, शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर बारापर्यंतच बसत.

"उचलून चालू या का?" रंभानं विचारलं.

"चालत गेलो तर दुपार टळंल गो. ठिगळ लागलं की घटकाभरात पोचू."

बाळीनं डोळे किलकिले केले. "बा, सायकलला पन ताप आला?"

"आला ना. तुझाच लागला तिला. आदी तिला पट्टी, मंग तुला."

बाळी हसल्यासारखी झाली.

लडकूनं टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली आणि तिच्यावरचा आकडा बघून थबकला. टायर दीड इंची, ट्यूब सव्वा इंची. पहाटे अंधारात बसवताना ती हाताला बारीक लागली होती. लढाईच्या दिवसांतला माल असाच असेल, म्हणून त्यानं हवा भरली होती. तिघांच्या ओझ्यानं ती ताणली आणि बोटभर फाटली.

"बाईमाणूस बघून फसवलं तुला मुर्बाडच्या दुकानदारानं! बारीक ट्यूब दिली."

"नाय वो. त्यांनी विचारलं व्हतं, सव्वा की दीड."

"मंग?"

"मीच सव्वा बोलले."

"का गो?"

रंभानं मान खाली घातली. "बाळीला न्यायला पायजे व्हती ना ट्यूब. देवाला आपन सगळं सव्वाच देतो. सव्वा शेर तांदूळ, सव्वा हात खण. दीड कुठल्या देवाला चालतं?"

लडकूच्या ओठांवर शिवी आली होती. ती त्यानं गिळली. "ऱ्हाऊ दे. तुला तरी कोन सांगनार सायकलीचं? मीच सांगाया पायजे व्हतं."

तो पाठमोरा बसला. कानशीनं रबर घासलं, ट्यूब चिकटवायचं सुलोचन लावलं, फुंकर घालून वाळवलं, वर ठिगळ दाबून धरलं. रंभाचे ओठ हलत होते. बाळीनं तिचा अंगठा मुठीत धरला होता.

मग ती मूठ सैल झाली.

रंभानं पोरीच्या नाकाशी तळवा धरला. बराच वेळ धरला. ओठ हलायचे थांबले.

लडकूनं टायर चढवला आणि पंप जोडला. दोन्ही हातांनी तो दणादण हवा भरू लागला. घाम डोळ्यांत उतरत होता, पंपाची नळी सारखी निसटत होती.

"झालंच गो," तो मागं न बघता म्हणाला. "आता झालंच."

"सावकाश भरा," रंभा हळूच म्हणाली. "घाई नाय आता."