हात सरळ ठेवा

"अगदी नॉर्मल!" हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची तिसरी फिल्म उजेडापुढे धरली. "हात सरळ, फोटो सुरेख."

सलूनवाल्याचं तोंड पडलं. कोपर वाकवलं की आतल्या बाजूला काहीतरी कट्टकन उडायचं. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. वस्तऱ्याची मागची शेपटी टेकते ती नेमकी करंगळीवर. महिन्याभरात दोन हनुवट्यांना पट्ट्या लागल्या होत्या. उरलेली गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, "आज हात कसाय?" आणि उत्तर न ऐकताच पुढे सटकत.

"आवाज शेजारच्या खोलीपर्यंत येतो हो," बायको म्हणाली. "मला वाटायचं, हे दिव्याचं बटण चालू-बंद करतायत."

"सांधे वाजतातच, वहिनी. मनावर घेऊ नका."

सोनोग्राफीच्या मॅडम नव्या होत्या. त्या चाचरत म्हणाल्या, "सर, तिन्ही वेळा हात सरळ होता. यांचं दुखणं तर वाकवल्यावर सुरू होतं. काम करतानाच बघू या ना?"

"इथे कोणाची दाढी करणार?"

मॅडम सरांच्या गालांकडे बघत राहिल्या. दोन दिवसांचे खुंट होते.

"करा," डॉक्टर ऐटीत खुर्चीत बसले. "नॉर्मल म्हणजे नॉर्मल."

सलूनवाल्याची पिशवी बरोबर होतीच. त्याने फेस केला, टॉवेल लावला. मॅडमनी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला गार जेल लावून मशीनची मूठ टेकवली. गाल वरून खाली झाले. काहीच अडचण आली नाही. डॉक्टर मिश्कील हसलेसुद्धा. मग आला गळा. तिथे वस्तरा खालून वर जातो आणि कोपर वाकत जातं.

कट्ट.

"नस हाडावरून उडी मारून पुढे आली!" मॅडम स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या. "थांबू नका, अजून वाकवा."

कट्ट.

"आणि तिच्या मागोमाग स्नायूची कड! उड्या दोन आहेत. ऑपरेशनमध्ये नुसती नस हलवली असती, तर दुसरी उडी तशीच राहिली असती. सर, बघा ना!"

सरांना मान वळवण्याची सोय नव्हती.

"करंगळी गेली," सलूनवाला हळूच म्हणाला. वस्तरा गळ्यावर होता तिथेच थांबला.

"अजिबात हलू नका," बायको म्हणाली. हे तिने डॉक्टरांना सांगितलं.

सलूनवाल्याने हातात वस्तरा असताना आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती. पण तीन वेळा नॉर्मल ठरलेला माणूस तो.

"डॉक्टरसाहेब, हात नॉर्मल असेल तर उरलेला गळा उरकून टाकतो. काय करू?"

डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले, "नस पुढे सरकवू, स्नायूची कड काढू. ऑपरेशन सोमवारी. वस्तरा आत्ता काढा."