राक्षसाचा मान

गोरक्षनं बाभळीच्या दांडक्यावर रंगवलेला कागद चिकटवला आणि हात पुसले. लांबून पाहणाऱ्याला ती बोहाड्यातली नेहमीची पोकळ गदाच वाटली असती.

पडद्यापलीकडे मंचावर, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, नाशिकची मंडळी त्याच्या वडिलांबद्दल भरभरून बोलत होती. मोतीरामबाबा मुखवटे घडवायचे आणि गावच्या बोहाड्यात, देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवात, स्वतः राक्षसाचं सोंग घ्यायचे. देवीच्या हातून मरायचा मान त्यांच्याच घराण्याचा; आज तो गोरक्षकडे आला होता. "एवढा अक्राळविक्राळ मुखवटा आणि आत इतका मवाळ माणूस," वक्ते सांगत होते. त्यात खोटं काही नव्हतं. लेकरं भेदरली की बाबा मुखवटा वर सरकवून हसून दाखवायचे, मगच नाचायला उतरायचे.

अशा माणसाला पुंजानं भर गर्दीत मारलं. देवीचं सोंग दरवर्षी पुंजाचं; त्या दिवशीही तोच होता, अंगात आलेलं, हातात सागाची तलवार. बाबा मुखवट्याआडून थांब म्हणाले असतील, पण संबळाच्या दणक्यात ऐकणार कोण? लोक टाळ्या वाजवत राहिले. मुखवटा काढला तेव्हा आत नुसतं रक्त होतं.

अंगात आलेल्याला बोल लावायचा नाही, असं म्हणून गाव मोकळं झालं. गोरक्षचं डोकं मात्र तेव्हापासून फिरलं होतं.

परवा पुंजा दारात आला होता. "गोरक्ष, सोंगाचं एक सांगायचं हाय तुला." गोरक्षनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

"ऐकून तरी घ्यायचं," त्याची आई आक्काबाई म्हणाली.

"आये, त्याचं तोंड बघायचं नाय मला."

धाकटा भाऊ हर्षल सातपूरला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "दादा, काढून टाक मनातून. बाबांनी धरलं नसतं मनात. चल, कार्यक्रमातच भेटू." बापाचं रक्त विसरला हा, असं वाटून गोरक्षनं फोन ठेवला.

देवी आणि राक्षस वेगवेगळ्या पडद्याआड सजतात, लढाईआधी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, असा त्यांच्याकडचा रिवाज. संबळ वाजला आणि दोघं समोरासमोर आले.

गोरक्षनं पहिला घाव गुडघ्यावर घातला. देवी कोलमडली. दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचं त्याच्या हाताला कळलं. देवीनं तलवार उचललीच नाही.

"आता कुठं गेलं तुझं वारं?" गोरक्ष दात खात म्हणाला.

लोकांनी मोबाइल वर धरले. राक्षस जिंकतोय, हे काहीतरी नवीनच होतं. देवी मुखवट्याच्या आतून काहीतरी बोलत होती. संबळापुढं ते कुणालाच ऐकू आलं नाही. त्यानं डोक्यावर मारलं. पुन्हा मारलं. मुखवटा तडकला, हनुवटीखालून रक्ताची धार लागली, तरी तो मारतच राहिला. त्याला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. उद्या कुणी विचारलंच तर तोही सांगणार होता, राक्षस अंगात आला होता म्हणून.

देवीची हालचाल थांबली. संबळही थांबला.

पहिल्या रांगेतून पुंजा खुर्च्या ढकलत मंचाकडे धावत सुटला. "हर्षल," तो ओरडत होता, "हर्षल, ऊठ पोरा."