सोन्याचा कॉम्प्युटर

"ही म्हणेल तेच द्या," काकूने दुकानदाराला बजावलं. "आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ठमीने मान डोलावली. काकूने आपण होऊन सगळा कारभार तिच्या हाती दिला होता.

काकूचा सोन्या आता ठमीच्याच संस्थेत व्हिडिओ एडिटिंग शिकणार होता. आदल्या दिवशी जेवताना काकूने तसं जाहीर केलं, तेव्हा सोन्या ताटातून मान वर न काढता गालात हसला होता. ते हसू ठमीच्या डोक्यात गेलं होतं.

ती तिथे शेवटच्या वर्षाला होती. तिची फिल्म अर्धवट पडली होती. संस्थेच्या एडिटिंगच्या खोलीत नंबर लागता लागत नव्हता आणि महिनाअखेर फिल्म दिली नाही, तर वर्ष बुडणार होतं. तिच्यासाठी मात्र कुणी दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

उलट, तिच्या बाबांचा जुना कॉम्प्युटर काकूनेच साफसफाईत भंगारवाल्याच्या हवाली केला होता. त्यात बाबा होते. आजारपणाआधीचे, गच्चीत शीळ घालत कपडे वाळत घालणारे. ठमीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा काकू "बंद पडलेलं खोकं होतं गं" एवढंच म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

विद्यार्थ्याच्या बजेटात एडिटिंगचा कॉम्प्युटर जमवायचा, तर हात कुठे सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा, हे कळावं लागतं. ठमीला ते पाठ होतं. तिने फक्त सगळं उलटं केलं.

"हे काचेचं कॅबिनेट द्या. दिव्यांचं."

"रंगही बदलतात हं!" दुकानदार खुलला.

"कीबोर्डही चमकणारा. आणि तो मोठा, वळणदार मॉनिटर."

"अगंबाई, लग्नघरच की!" काकू म्हणाली.

"रॅम आठची पुरे. एसएसडी नको, साधी हार्ड डिस्क घाला. ग्राफिक्स कार्डही नको."

दुकानदाराचं पेन थांबलं. "ताई, एडिटिंगला? नुसती फाइल उघडतानाच धाप लागेल त्याला. दिवे सोडा, रॅम वाढवा."

"त्याला दिसायला छान हवाय."

"बघा बुवा. जोडून दिला की परत घेत नाही. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

काकूने ठमीकडे पाहिलं. "ठमे, यावर काम नीट होईल ना? माझी सगळी पुंजी यात चाललीये. वर्ष वाया जायला नको."

"डोळे मिटून घ्या, काकू."

काकूने पाकीट रिकामं केलं. ठमीला कित्येक महिन्यांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. बसू दे सोन्याला स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत. फिल्म द्यायच्या आदल्या दिवशी केलेलं काम डोळ्यांदेखत नाहीसं होऊ दे. मग काकूने रडावं आणि आपण शांतपणे म्हणावं, बंद पडलेलं खोकं आहे गं.

संध्याकाळी ती संस्थेतून परतली. आजही तिचा नंबर लागला नव्हता. घरात शिरली, तर तिच्याच खोलीतून निळा-जांभळा उजेड येत होता. सोन्या तिच्या टेबलाखाली घुसून वायरी खोचत होता.

"इथे काय लावतोयस? तुझ्या खोलीत ने."

"मी काय करू याचं? आणि एडिटिंग? मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, ठमाबाई!"

ठमी दाराची चौकट धरून उभी राहिली. मागून काकू आली. तिचा हात ठमीच्या पाठीवर टेकला.

"त्या खोक्यात भाऊजी होते, ते मला ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली. "माफी मागायला तोंडच उघडेना. म्हणून सोन्याचं नाव पुढे केलं. तुझ्यासाठी घेतेय म्हटलं असतं, तर माझे पैसे वाचवायला तू दुकानातला सगळ्यात टाकाऊ माल उचलला असतास."