खांद्यावरची मुलगी

संचालकबाईंनी काचेच्या पेटीतून वैमानिकाचा चामडी पट्ट्याचा गॉगल काढून माझ्या हातात दिला. “आजी, भिंतीवरच्या फोटोसारखा डोळ्यांवर चढवा हं. मग तुमच्याच हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन!” फोटोत महासागर ओलांडून आलेला वीर हसतोय आणि त्याच्या खांद्यावर, हाच गॉगल लावून बसलेली चिमुरडी मी. “बाई, त्याच उन्हाळ्यात हा रेडिओवर म्हणाला, आमची जमात म्हणजे देशाला लागलेली कीड. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचं दार फोडलं. ओढून नेलेले बाबा परतलेच नाहीत. हे कुठल्या भिंतीवर लावलंय?” “आज कशाला राजकारण, आजी? बघा ना, तुम्हाला किती मायेनं उचलून घेतलंय!” माझं डोकंच फिरलं. गॉगल टेबलावर आपटून मी माईक ओढला. “माया कसली डोंबलाची! स्वागताच्या गर्दीतून यानं मला उचललं, कारण कोणाची पोर ते विचारायचं राहून गेलं.”